पाहुण्यासह वाइनच्या मळ्यांत

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.४०

ठरलं. वीस तारखेला, शुक्रवारी दुपारी निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. वाइनचे मळे. टेकडीच्या उतारावर गेस्ट हाउस, समोर द्राक्षांच्या रांगा, आणि मुख्य म्हणजे कुत्र्यांना परवानगी. नुसती परवानगी नाही, वेबसाइटवर लिहिलंय की तुमच्या चारपायी सोबत्याचं आम्ही मनापासून स्वागत करतो. फोटोत एक जोडपं आणि एक सोनेरी कुत्रा, तिघंही मावळत्या सूर्याकडे बघतायत. त्यातला पुरुष बराचसा माझ्यासारखा आहे. केस सोडले तर.

बायको तिच्या मोठ्या बहिणीकडे राहायला गेल्याला आज सहा आठवडे तीन दिवस झाले. विश्रांतीसाठी गेलीय. शाळेच्या लायब्ररीतलं काम, वर घरचं, माणूस थकतं. विश्रांतीला वेळ लागतोच. लोक उगाच वाकडा अर्थ काढतात.

पाहुणा माझ्याजवळ आहे. पाहुणा म्हणजे आमचा कुत्रा. अकरा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरच्यांनी ‘आठवडाभर सांभाळाल का’ म्हणून ठेवला आणि ते परस्पर दुसऱ्या शहरात राहायला गेले. नाव ठेवायचं राहून गेलं, पाहुणा हेच पडलं. बायकोच्या बहिणीकडे, म्हणजे ताईकडे, मांजर आहे, म्हणून त्याला तिकडे नेता येत नाही. बायको बुधवारी आणि रविवारी त्याला फिरवायला येते. पाहुणा हे निमित्त. मला कळतं.

निश्चय: ट्रिपबद्दल तिला अगदी सहज सांगायचं. गळ घालायची नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७.१५

गळ घातली.

सहाला आली. मी दाढी केली होती, निळा शर्ट घातला होता. हल्ली ती चपलांच्या स्टँडच्या आत येत नाही, तिथेच उभी राहून पाहुण्याला पट्टा बांधते. मी सहज म्हटलं, वाइनच्या मळ्यांत कुत्र्यांना नेता येतं म्हणे. ती म्हणाली, हो का. मग मी जिन्यात म्हटलं. मग फाटकापाशी म्हटलं. मग पुढच्या कोपऱ्यापर्यंत बरोबर गेलो आणि तिथंही म्हटलं. पायात घरातल्या सपाता होत्या. ती म्हणाली, त्याचे गुडघे गेलेत, टेकड्या कुठे चढणार तो. मी म्हटलं, तळमजल्याची खोली आहे, आणि चढ आला तर मी उचलून घेईन. पाहुणा चोवीस किलो. तिने माझ्या कमरेकडे बघितलं आणि म्हणाली, विचार करते.

‘विचार करते’ म्हणाली. ‘नाही’ म्हणाली नाही. एकोणतीस वर्षांत ती मला कधी ‘नाही’ म्हणाल्याचं मला तरी ऐकू आलेलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०

येतेय.

तिचे शब्द जसेच्या तसे: डॉक्टरीणबाई म्हणाल्यात त्याची किडनी मंदावलीय, अजून किती दिवस हिंडेल सांगता येत नाही. एकदा मोकळं फिरू दे त्याला. येते मी. आणि मलाही तुझ्याशी निवांत बोलायचंय. इथं जिन्यात नको, तिथं बोलू.

शेवटच्या दोन वाक्यांखाली रेघ मारतोय. निवांत बोलायचंय म्हणजे दुसरं काय असणार.

अटी दोन. खोल्या दोन हव्यात. आणि ताई येणार, ताईच्याच गाडीतून जायचं. गाडीचं मी समजू शकतो. माझ्या गाडीवर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी आहे, पुढे-मागे लाल अक्षरांत ‘शिकाऊ’. पाटी काढता येते, पण बायको म्हणाली, इतकी वर्षं त्या पाटीखाली बसले, सुट्टीत नको. दोन खोल्या म्हणजे संकोच. लग्न झाल्यावर सुरुवातीलाही असाच होता. राहता राहिली ताई.

निश्चय: ताईचं काहीतरी करायचं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

फोनवरून बुकिंग. मी म्हटलं, तीन माणसं आणि एक पाहुणा. फोनवरच्या बाई म्हणाल्या, म्हणजे चार, जादा गादी लागेल. मी म्हटलं, पाहुणा कुत्रा आहे.  त्या म्हणाल्या, पाहुण्यांबद्दल असं बोलू नये. समजावण्यात दहा मिनिटं गेली. मग त्यांनी विचारलं, बरं, कुत्र्याचं नाव काय. पुन्हा दहा मिनिटं.

या गडबडीत दुसऱ्या खोलीचं सांगायचं राहून गेलं. मुद्दाम नाही. तिथं गेल्यावर बघता येईल. खोल्या नसल्याच तर ताई समजूतदार आहे, सोफ्यावर झोपेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज शिंपीकाकांचा बाविसावा तास. वय एकाहत्तर, दुकान मुलीकडे सोपवलं, आता गाडी शिकायचीय. स्टिअरिंगवर हात सुरेख, पाय मात्र शिलाई मशीनवर असल्यासारखा सतत हलता. त्यांना ट्रिपचं सांगितलं. वळण घेता घेता ते म्हणाले, म्हणजे बाई घर सोडून गेल्यात. मी म्हटलं, विश्रांतीला गेल्यात. ते म्हणाले, कपडे किती नेलेत? मी म्हटलं, इंडिकेटर द्या. ते म्हणाले, लोकरीचे नेलेत, की सुतीपण? गाडी बंद पडली. मागून हॉर्न. मी त्यांच्याशी क्लच या विषयावर पंधरा मिनिटं बोललो.

घरी येऊन कपाट उघडून बघितलं नाही. गरजच काय.

१५ फेब्रुवारी, रविवार

तयारी जोरात. वाइनचा अभ्यास करतोय, व्हिडिओ बघून. ग्लास तिरका धरायचा, गोल फिरवायचा, हुंगायचं, घोट तोंडात खेळवायचा आणि थुंकायचा. थुंकायचंच तर एवढ्या लांब का जायचं, हे मी तिथं विचारणार नाही. पाण्यावर सराव केला. शर्ट बदलला. पुन्हा केला. आता बनियनवर करतो.

पाहुण्याचीही तयारी घेतोय. बुधवारी आणि रविवारी तो सकाळपासून दाराशी बसतो. इतर दिवशी तिच्या बाजूच्या उशीवर. मी हाक मारली की कान हलवतो, म्हणजे ऐकू येतं. यायचं की नाही, ते तो ठरवतो. एका कुत्र्याने आठ आठवडे एका माणसाच्या हातचं खाऊन त्याच्याकडे बघू नये, हे काही बरं नाही. मी त्याला तसं सांगितलं.

निश्चय: ट्रिपमध्ये बायकोच्या डोळ्यांदेखत पाहुणा माझ्याकडे धावत यायला हवा. गुडघे आहेत, चालत आला तरी चालेल. पण तिला सोडून माझ्याकडे.

फ्रिजवर बायकोने चार पानं लावून ठेवलीत, पाहुण्याचं औषध, खाणं, काय द्यायचं, काय नाही. आज दारातून विचारलं, वाचलीस ना सगळी. मी म्हटलं, पाठ आहेत. पहिलं पान खरोखरच पाठ आहे. बाकीची त्याच्या मागे आहेत, आणि चुंबक फार घट्ट आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.३०, गेस्ट हाउस

पोचलो. साडेतीन तास. ताई चालवत होती, बायको पुढे, मी आणि पाहुणा मागे. ताई पुढच्या गाडीच्या फार जवळ जाते. मी काही बोललो नाही. फक्त माझा उजवा पाय. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक असतो, एकवीस वर्षांची सवय, आपोआप दाबला जातो. ताई म्हणाली, पाठीत लाथा का मारतोयस. मी म्हटलं, मारत नाहीये, थांबवतोय. नंतर दीड तास कुणीच काही बोललं नाही. निवांत प्रवास.

खोल्यांचा घोळ झाला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, तुमच्या नावावर एकच खोली आहे. मी आश्चर्य दाखवलं, चांगलं दाखवलं. बायको माझ्याकडे बघत होती. बाईंनी रजिस्टर चाळलं आणि म्हणाल्या, नशीब तुमचं, वरची खोली आत्ताच रिकामी झालीय. ताईने किल्ली उचलली. मग कळलं की कुत्र्यांना परवानगी म्हणजे फक्त तळमजल्याच्या खोलीत परवानगी. वरच्या खोलीत नवा गालिचा आहे.

तर व्यवस्था अशी: बायको आणि ताई वर, गालिचावर. मी आणि पाहुणा खाली. गादीला प्लॅस्टिकचं कव्हर आहे, कूस बदलली की फटाके फुटल्यासारखा आवाज होतो. उशाशी बिस्किटांचा वाडगा, हाडाच्या आकाराची. चहाबरोबर एक खाल्लं. वाईट नाही.

पाहुणा खोलीच्या मधोमध बसून छताकडे बघतोय. वर तिची पावलं ऐकू येतात. इकडून तिकडे गेली की त्याची मान इकडून तिकडे. माझीही, पण मी मधून मधून लिहितोय.

उद्या बोलायचंय तिला.

२१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९.१०

मोठी बातमी. पाहुणा माझ्याकडे आला.

अंगणात नाश्त्याची टेबलं. बायको-ताई अजून खाली आल्या नव्हत्या. टेबलावर द्राक्षांची थाळी होती. मी एक खाल्लं, एक त्याला धरलं. त्याने हुंगलं, घेतलं, आणि पुढे येऊन माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी हललो नाही, पायाला मुंग्या आल्या तरी. मग आणखी दिली, पाच-सहा झाली असतील. प्रत्येकाला तो माझ्या डोळ्यांत बघत होता. कुत्र्याला कळतं कोण आपलं, फक्त वेळ द्यावा लागतो.

बायको आली तेव्हा तो शहाण्यासारखा बसला होता. तिला काही सांगितलं नाही. दुपारी प्रत्यक्षच दाखवेन.

दुपारी १.३०, मळ्यात, बाकावर

त्या दोघी तळघरात पिंपं बघायला गेल्यात. माहिती देणाऱ्या वाइनवाल्या बाई म्हणाल्या, तळघरात कुत्रे नाहीत. म्हणजे परवानगी अंगणापर्यंत. मी म्हटलं, मी थांबतो याच्याजवळ. बायको म्हणाली, थँक्स. बऱ्याच दिवसांनी म्हणाली.

त्याआधी चव घेण्याचा कार्यक्रम झाला. मी ग्लास फिरवला, ताईच्या बाहीवर थोडी उडाली. वाइनवाल्या बाईंनी विचारलं, काय जाणवतं. मी म्हटलं, बॉडी आहे, फिनिशही आहे, दोन्ही व्हिडिओतले शब्द. त्या म्हणाल्या, हे पाणी आहे, मधे तोंड धुवायला. बायको हसू दाबत होती. हसली म्हणजे चांगलंच आहे.

आता बाकावर मी आणि पाहुणा. समोरच रांग आहे, काळी, बारीक, जाड सालीची द्राक्षं. तोडू नये अशी पाटी आहे, पण पाटी रस्त्याच्या बाजूला आहे, मी इकडून तोडली. एक अख्खा घड. एकेक धरतोय, पाहुणा एकेक घेतोय. मधे मी चार पावलं मागे गेलो आणि हाक मारली. आला. सहा पावलं गेलो, आला. दहा पावलं गेलो, लंगडत आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ऊन होतं. फोटो काढलेत, एकात तो माझ्या तळहातावरून खातोय आणि मागे टेकडी. वेबसाइटवरच्यापेक्षा चांगला. बायको वर आली की आधी हा दाखवायचा, मग ती बोलेल, मग मी म्हणेन, चल घरी.

संध्याकाळी ६.२०, गुरांच्या डॉक्टरांचा दवाखाना

अक्षर असंच येईल. वही गुडघ्यावर धरून लिहितोय.

पावणेतीनला त्या वर आल्या. मी फोटो दाखवला. बायकोने मोबाइल हातात घेतला, फोटो मोठा केला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. विचारलं, हे द्राक्ष आहे? मी म्हटलं, हो, आवडतात त्याला. वाइनवाल्या बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, कुत्र्याला द्राक्षं दिलीत तुम्ही? विषासारखी असतात त्यांना. आमच्या कुत्र्याच्या तोंडाला आम्ही तोडणीचे सगळे दिवस जाळी बांधतो.

बायको म्हणाली, तिसऱ्या पानावर लिहिलं होतं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग विचारलं, किती दिलीस. मी म्हटलं, एखादं.

जवळ फक्त गुरांचे डॉक्टर, अठरा किलोमीटरवर. ताईने गाडी अशी हाणली की मी शिकवलं असतं तर मला अभिमान वाटला असता. पाहुणा मागे माझ्या मांडीवर होता, शेपटी हलवत होता, त्याला वाटलं सहल अजून चालू आहे. मी ब्रेक दाबला नाही. एकदाही नाही.

डॉक्टर म्हातारे, हाताला रबरी मोजे, अंगणात एक गाय बांधलेली. ते आमच्याशी कमी आणि पाहुण्याशी जास्त बोलतात. त्याला टेबलावर घेतलं, बायकोने डोकं धरलं. डॉक्टरांनी विचारलं, किती खाल्ली आणि किती वाजता. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, सांग.

मी म्हटलं, दोन-तीन.

 डॉक्टर मला म्हणाले, हे बघा, याची मूत्रपिंडं आधीच अर्धी गेलीत. दोन-तीन असतील तर मी उलटी करवून घरी पाठवीन. जास्त असतील तर याला सलाइनवर दोन दिवस इथं ठेवावं लागेल. तुम्ही जे सांगाल तसं मी करणार. मला दुसरं काही कळायचा मार्ग नाही.

मी पाहुण्याकडे बघितलं. तो माझ्या खिशाकडे बघत होता. त्याला वाटलं अजून आहेत.

मी सांगितलं. एक अख्खा घड, तीस-पस्तीस असतील, एक ते अडीचच्या मधे. आणि सकाळी नाश्त्याला पाच-सहा. सकाळचं कुणालाच माहीत नव्हतं. बायकोने त्याच्या डोक्यावरचा हात काढला नाही, पण डोळे मिटले. ताई भिंतीला टेकून खाली बसली. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, आणि कामाला लागले. दुपारची बहुतेक बाहेर पडली. डॉक्टरांनी बादलीत मोजली, अठ्ठावीस. सकाळची पोटात राहिली नव्हती, पुढे गेली होती.

आता सलाइन चालू आहे. लघवी किती होते त्यावर सगळं, असं म्हणाले. आजवर घरच्या जिन्यात केली की मी बोंबलायचो. आता बसून वाट बघतोय, करील का.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७

थोडी झाली. पुरेशी नाही, असं डॉक्टर म्हणतात.

बायको आणि मी बाकावर बसून होतो, ताई गाडीत झोपली. बायकोने तिच्या कपातला अर्धा चहा मला दिला. न मागता. संकटात माणसं जवळ येतात म्हणतात, ते मी आज बघतोय. पाहुणा वाचला तर हीच गोष्ट आम्ही पुढे सगळ्यांना हसत सांगू.

वाचला तर, असं लिहिलं मी. खोडत नाही.

निश्चय: फ्रिजवरची चारही पानं वाचायची. आज इथं नाहीत, पण घरी गेल्या गेल्या.

दुपारी ४

रक्ताचा रिपोर्ट आला, वाईट आहे, सकाळपेक्षा वाईट. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस. पाहुणा डोकं उचलत नाही. मी पिंजऱ्याशी बसून हाक मारली. कान हलला. मी त्याला म्हटलं, येऊ नकोस, पडून राहा, मला चालेल.

सोमवारचे सगळे तास रद्द केले. शिंपीकाका फोनवर म्हणाले, बाई बरोबर आहेत ना? मी म्हटलं, आहेत. ते म्हणाले, मग त्यांनाच बोलू द्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ५

सकाळी सहाला पाहुण्याने पिंजऱ्यात भरपूर केली. डॉक्टरांनी मला बोलावून दाखवली. अशी बातमी मी आयुष्यात इतक्या आनंदाने ऐकली नव्हती. दुपारी रिपोर्ट उतरला. उद्या नेता येईल. मूत्रपिंडं आधी होती तितकीच राहतील, चांगली होणार नाहीत, पण आहेत.

दुपारी बायको म्हणाली, चल, बाहेर बसू. गाईच्या गोठ्याशी एक कट्टा आहे तिथं बसलो. मी केसांवरून हात फिरवला. ती म्हणाली, डॉक्टरांना खरं सांगितलंस ते बरं केलंस. मी म्हटलं, मी बदललोय. ती म्हणाली, आधी ऐक.

तिने घर घेतलंय, भाड्याने. एक तारखेपासून. तळमजला, मागे थोडी मोकळी जागा, घरमालकीण कुत्रा चालेल म्हणालीय. पाहुणा तिच्याकडे जाईल. म्हणाली, हेच सांगायला मी इथं आले होते. त्याला एकदा तुझ्याबरोबर नीट फिरू दे, तुलाही त्याच्याबरोबर राहू दे, मग सांगावं, असं वाटलं होतं.

मी विचारलं, किती दिवसांसाठी घेतलंयस.

 ती म्हणाली, मी डिसेंबरपासून एकच गोष्ट सांगतेय तुला. मी बोलायला लागले की तू तुझ्या बाजूचा ब्रेक दाबतोस. बाहेरून दिसत नाही. मी आपली स्टिअरिंग धरून बसलेली, आणि गाडी जागच्या जागी.

मी म्हटलं, मग हे तू आधी सांगायचंस.

ती हसली. वाईट नाही हसली. दिवसभर ओझं उचलून माणूस खाली बसल्यावर हसतं तशी. गाईने मान वळवून आमच्याकडे बघितलं. मग बायको उठून आत गेली, पाहुण्याचं औषध लिहून घ्यायला. डॉक्टर सांगत होते, ती लिहीत होती. मी दारात उभा होतो. मीही लिहून घेऊ का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, एकाने घेतलं तरी पुरे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

काल परतलो. पाहुणा तीन-चार दिवस माझ्याकडेच, एक तारखेपर्यंत. बायको रोज दोनदा औषध द्यायला येते. आता घराच्या आत येते, कारण गोळी भातात मळावी लागते. स्वयंपाकघरात उभी असते. तिला मीठ कुठे ठेवलंय हे मला सांगावं लागत नाही.

घराचा करार अकरा महिन्यांचा असतो. अकरा महिन्यांनी संपतोच. हे मी तिला म्हटलं नाही. फक्त कॅलेंडरमध्ये बघून ठेवलंय, जानेवारीचा शेवट येतो.

चारही पानं वाचली. तिसऱ्या पानावर वरून पाचवी ओळ, द्राक्षं, मनुका, अजिबात नाही, खाली दोन रेघा. चौथ्या पानावर पाहुण्याचं काही नाहीच. लाइटबिल कुठे भरायचं, माझी रक्तदाबाची गोळी कुठल्या डब्यात, गॅसवाल्याचा नंबर, हिवाळ्याची पांघरुणं कुठे. शेवटी लिहिलंय, हे वाचशील तेव्हा फोन कर, आणखी काही लागलं तर सांगेन. तारीख वीस डिसेंबर.

फोन केला नाही. दोन महिने झाले, आता काय विचारू. गॅसवाल्याचा नंबर मी शोधून काढला होता.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पाहुण्याला फिरवून आणलं. फाटकापर्यंत आणि परत, बावीस मिनिटं. मी पट्टा ओढला नाही. तो थांबला की थांबलो. एका झाडाशी तो इतका वेळ उभा राहिला की शेजारचे विचारून गेले, काही हरवलंय का.

निश्चय: उद्या ती न्यायला आली की काही बोलायचं नाही.

१ मार्च, रविवार. दुपारी १२.३०

नेला.

ताई गाडी घेऊन आली होती. मी काही बोललो नाही, एवढं खरंच जमलं. पाहुण्याची गादी मी खाली नेली, वाडगे नेले, औषधांची पिशवी बायकोच्या हातात दिली. तो मागच्या सीटवर चढत नव्हता, गुडघे. मी उचलून ठेवला. चोवीस नाही आता, एकवीस आहे. काच खाली होती. बायको म्हणाली, बुधवारी संध्याकाळी येत जा वाटलं तर, सहाला मी फिरायला काढते त्याला. मी म्हटलं, विचार करतो. कशाला म्हटलं कुणास ठाऊक.

वर आलो. घरात सगळं आवरलेलं आहे. करायला काही नाही, म्हणून एक जुनं लिहायचं राहिलेलं लिहितो. वीस डिसेंबर, शनिवार. त्या दिवशी रोजनिशी लिहिली नव्हती.

सकाळी अकराला बायको हॉलमध्ये माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, मी जातेय, आणि परत येणार नाहीये. मी म्हटलं, टॅक्सीला मागच्या रस्त्याने ये म्हणावं, पुढे सिग्नलला फार वेळ जातो. मग तिची बॅग मीच खाली नेली. जड होती. जिन्यात विचारलं, दोन दिवसांसाठी एवढं काय भरलंयस. ती म्हणाली, दोन दिवस कोण म्हणालं.

मी बॅग डिकीत ठेवली, डिकी नीट लागली का ते दोनदा ओढून बघितलं, आणि टॅक्सीवाल्याला सांगितलं, सावकाश जा.